कुत्र्याच्या अंगावरचे गोचीड पुन्हा पुन्हा का येतात? आता भिंतीकडे बघा

तक्रार बहुतेक सगळ्यांची सारखीच असते. रविवारी मांडी घालून बसलो, कुत्र्याच्या अंगावरचे सगळे गोचीड वेचून काढले, औषधी शाम्पूने अंघोळ घातली. दहा-बारा दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी कानामागे खाजवायला हात घातला, तर बोटाला पुन्हा तोच गुळगुळीत दाणा लागला. पुन्हा काढले, पुन्हा आले.

आमच्या गुंड्याच्या बाबतीत हे पाच महिने चाललं. साताऱ्यात तळमजल्यावरचं घर, पुढे शहाबादी फरशीचं अंगण, जुन्या लाकडी चौकटी. मी रोज कुत्रा तपासत होते आणि दर तीन आठवड्यांनी हरत होते. एका सकाळी सासूबाई देवघर पुसत होत्या. त्यांनी हाक मारली, "अगं, इकडे ये गं. भिंतीवर तीळ चालतायत बघ." देवघराशेजारी टांगलेलं कॅलेंडर उचललं, तर त्यामागे शेकडो बारीक तपकिरी ठिपके छताच्या दिशेने चढत होते. ती गोचिडांची पिल्लं होती. पाच महिने मी कुत्र्यावर शोधत होते ते सगळं भिंतीत राहत होतं.

हे लिहायचं कारण एवढंच, की पुढची माहिती मला पहिल्याच महिन्यात कुणी सांगितली असती तर गुंड्याचं आजारपण टळलं असतं.

आधी खात्री करा: तो गोचीडच आहे ना?

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण गोचीड समजून लोक कुत्र्याचे चामखीळ ओढतात. नर कुत्र्यालाही पोटावर दोन ओळींत स्तनाग्रं असतात, तीही ओढतात आणि कुत्रा कळवळतो. म्हणून चिमटा उचलण्याआधी टॉर्च लावा आणि केस बाजूला करून नीट बघा. गोचिडाला कातडीला लागून, डोक्याच्या बाजूला, बारीक पाय दिसतात. चामखिळीला पाय नसतात आणि ती कातडीच्याच रंगाची असते. पिसवा वेगळ्या. त्या केसांतून पळतात, उड्या मारतात आणि मागे काळी पूड सोडतात. ती पूड ओल्या पांढऱ्या कापडावर ठेवली की तांबूस डाग पडतो. गोचीड उडी मारत नाही. तो चढतो आणि चिकटतो.

एकाच कुत्र्यावर तीन-चार प्रकारचे किडे आहेत असं अनेकांना वाटतं. बहुतेक वेळा ती एकाच गोचिडाची वेगवेगळी वयं असतात. नुकतं बाहेर पडलेलं पिल्लू वाळूच्या कणाएवढं असतं आणि त्याला सहाच पाय असतात. पुढच्या अवस्थेत आठ पाय येतात आणि आकार साधारण तिळाएवढा होतो. पूर्ण वाढलेला उपाशी गोचीड चपटा, तांबूस तपकिरी, सफरचंदाच्या बीसारखा. नर असाच लहान राहतो. मादी मात्र रक्त पिऊन फुगते, राखाडी-हिरवट होते आणि एक सेंटिमीटरच्या आसपास जाते. तिला बघून एरंडाची बी आठवते. एरंडाचं शास्त्रीय नाव 'रिसिनस' असं आहे, आणि लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थच गोचीड. बी बघून गोचीड आठवलेले लोक तेव्हाही होते.

आपल्याकडे घरातल्या कुत्र्यांवर सर्वांत जास्त दिसतो तो हा तपकिरी गोचीड, 'ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस'. ही ओळख महत्त्वाची आहे, कारण इंटरनेटवरचा पुष्कळसा सल्ला युरोप-अमेरिकेतल्या रानातल्या गोचिडांबद्दल असतो. ते गवताच्या पात्यावर बसून वाट बघतात, त्यामुळे तिकडे गवत कापा, जंगलवाटेवर जपून चाला, असं सांगतात. आपला तपकिरी गोचीड भिंतीच्या भेगेत, चौकटीच्या फटीत, खाटेच्या सांध्यात, कुत्र्याच्या झोपण्याच्या जागेभोवती राहतो. अंडी घालण्यापासून म्हातारं होण्यापर्यंतचं त्याचं सगळं आयुष्य एका बंद घरात पार पडू शकतं. आमच्या अंगणात गवताचं पातं नव्हतं, तरी गोचीड होते.

परत येण्याचं गणित

हा गोचीड आयुष्यात तीन वेळा कुत्र्यावर चढतो आणि तीन वेळा उतरतो. पिल्लू चढतं, काही दिवस रक्त पितं, उतरतं, फटीत जाऊन कात टाकतं. मोठं होऊन पुन्हा चढतं, पितं, उतरतं, कात टाकतं. तिसऱ्या वेळी पूर्ण वाढलेला गोचीड म्हणून चढतं. मादी साधारण आठवडाभर रक्त पिते, फुगते, गळून पडते आणि भिंत चढून एखाद्या फटीत अंडी घालते. किती? चार हजारांपर्यंत. त्यानंतर ती मरते. उबदार हवेत हे सगळं चक्र साधारण दोन-अडीच महिन्यांत पूर्ण होतं.

यावरून दोन गोष्टी कळतात. कुत्र्यावर कुठल्याही क्षणी दिसणारे गोचीड म्हणजे घरातल्या एकूण गोचिडांचा लहानसा भाग. बाकीचे अंड्यात आहेत, कात टाकतायत किंवा उपाशी वाट बघतायत. आणि ही वाट बघण्याची ताकद भयंकर आहे. पूर्ण वाढलेला गोचीड काहीही न खाता वर्षभर, अनुकूल जागेत दीड वर्षापर्यंतही जगतो. म्हणून 'महिनाभर कुत्रा गावी ठेवला, म्हणजे उपाशी मरतील' हा उपाय चालत नाही. आम्ही तोही करून बघितला होता. गुंड्या माहेरी बावीस दिवस राहिला आणि परतल्यावर तिसऱ्या दिवशी त्याच्या पायाच्या बोटांमध्ये सतरा सापडले.

अंगावरचा गोचीड काढताना

भुवयांचा टोकदार चिमटा पुरेसा आहे. हातात मोजे घाला, नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी चढवा. चिमट्याने गोचिडाला कातडीच्या अगदी लगत, म्हणजे त्याच्या तोंडापाशी धरा, फुगलेल्या पोटाला नाही. मग झटका न देता, सरळ वर, एकसारखा ताण देत ओढा. काही सेकंदांत सुटतो. जागेवर जंतुनाशक लावा आणि हात साबणाने धुवा.

तोंडाचा तुकडा आत राहिला तर सुईने उकरू नका. थोडी गाठ येते, काही दिवसांत शरीर तो तुकडा स्वतःच बाहेर टाकतं. जागा लाल होऊन चिघळली तरच डॉक्टरांना दाखवा.

काढलेला गोचीड नखांवर चिरडू नका. त्याच्या रक्तातले जंतू बोटावरच्या जखमेतून आत जाऊ शकतात. संडासात टाकून पाणी सोडू नका, तो पाण्यात बराच वेळ तग धरतो. झाकणाच्या बाटलीत थोडं सर्जिकल स्पिरिट घ्या आणि त्यात टाका. ही बाटली आमच्याकडे खिडकीत वर्षभर होती.

पेटती काडी, रॉकेल, व्हॅसलिन, नेलपॉलिश यांपैकी काहीही लावू नका. त्याने गोचीड लगेच सुटत नाही, उलट डिवचला जाऊन लाळ जखमेत सोडण्याचा धोका असतो. आजार पसरतो तो याच लाळेतून.

कुठे शोधायचं? कानाच्या आतल्या घड्या, पायाच्या बोटांमधली जागा, काख, जांघ, पट्ट्याखाली, शेपटीच्या बुडाशी, पापणीच्या कडेला. यातले बोटांमधले सर्वांत जास्त निसटतात. कुत्रा सारखा एकच पंजा चाटत असेल तर आधी तिथे बघा.

औषध दिलं तरी गोचीड दिसतात, मग औषध फसलं का?

इथे सगळ्यात जास्त लोक धीर सोडतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सध्या पशुवैद्य ज्या गोळ्या देतात त्यांत फ्लुरालेनर, अफॉक्सोलेनर, सारोलेनर यांपैकी एखादा घटक असतो. पहिल्याचा परिणाम साधारण बारा आठवडे, बाकीच्या दोघांचा सुमारे महिनाभर. ही औषधं कुत्र्याच्या रक्तात असतात. गोचीड चढतो, चावतो, रक्त पितो आणि मग मरतो. त्याला अंगावर चढण्यापासून ती थांबवत नाहीत. त्यामुळे गोळी दिल्यावर पहिले काही आठवडे कुत्र्यावर जिवंत गोचीड दिसणारच. घरात जितके दडलेत तितके रांगेने येणार.

पण आता काय घडतंय ते बघा. तीन वेळा चढायचं असलेला गोचीड पहिल्याच वेळी मरतोय. मादी फुगण्याआधी मरतेय, म्हणजे नवी अंडी थांबली. कुत्रा हाच घरभर फिरणारा सापळा झाला. आमच्या डॉक्टरांनी हे सांगितल्यावर मला पहिल्यांदा या लढाईचा अर्थ लागला. फुगलेल्या राखाडी माद्या दिसेनाशा झाल्या आणि फक्त चपटे, वाळलेले गोचीड सापडू लागले, तर औषध काम करतंय. संख्या पुढे कमी होईल. घरात भरपूर असतील तर तीन महिने धरून चाला, आणि मधला एकही डोस चुकवू नका. आम्ही आधी दोनदा ही चूक केली होती. महिनाभर गोचीड दिसले नाहीत म्हणून पुढची गोळी टाळली आणि फटीतल्या पिल्लांना मोकळं रान दिलं.

गोळी वजनाप्रमाणे असते. मोठ्या कुत्र्याची गोळी अर्धी करून लहान कुत्र्याला देऊ नका. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, या गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात. अगदी लहान पिल्लांना हाताने वेचणं आणि डॉक्टरांनी वयाप्रमाणे सुचवलेलं औषध, एवढंच.

मानेवर सोडायचे थेंब वापरत असाल तर ते केसांवर नाही, केस दुभागून कातडीवर पडले पाहिजेत. आणि त्याच्या आधी व नंतर दोन दिवस अंघोळ नको. दर आठवड्याला शाम्पू करणाऱ्या घरात हे थेंब 'काम करत नाहीत', त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

जी चूक जिवावर बेतू शकते

गुराढोरांवरच्या गोचिडांसाठी डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझची तीव्र द्रावणं मिळतात. आमच्या जवळच्या एका दुकानात मला अशीच बाटली मिळाली. 'बादलीत झाकणभर टाका आणि अंगाला चोळा', एवढीच सूचना. मी तेवढं केलं. अर्ध्या तासात गुंड्याच्या तोंडातून लाळ गळायला लागली, मागचे पाय लटपटायला लागले. भांडी धुण्याच्या साबणाने त्याला दोनदा धुतलं, टॉवेलात गुंडाळला आणि रिक्षाने दवाखाना गाठला. तो वाचला. अशी औषधं कुत्र्याला वापरायचीच तर पशुवैद्याने मोजून दिलेल्या प्रमाणातच, जखम नसलेल्या अंगावर आणि चाटणार नाही अशी काळजी घेऊन. घरात मांजर असेल तर आणखी जपा. कुत्र्यांच्या काही औषधांतलं परमेथ्रिन मांजरासाठी प्राणघातक असतं.

घरगुती उपायांबद्दल मला खूप विचारलं जातं. कापूर घातलेलं खोबरेल कुत्रा चाटतो आणि कापूर पोटात जाणं विषारी आहे. तंबाखूचं पाणी तर निकोटिनच, ते अजिबात नको. लसूण खाऊ घातल्याने गोचीड जात नाहीत, कुत्र्याच्या रक्तपेशींना इजा होते. कडुनिंबाच्या पाण्याने अंघोळ घाला, त्यात वाईट काही नाही, पण तेवढ्याने घरातले गोचीड संपतील या भरवशावर राहू नका. 'एक इंजेक्शन टोचलं की सगळं साफ' असं म्हणून आयव्हरमेक्टिन देतात. या तपकिरी गोचिडावर त्याचा भरवसा नाही, आणि कॉली जातीच्या अनेक कुत्र्यांत एका जनुकीय दोषामुळे ते मेंदूपर्यंत पोचून जीव घेऊ शकतं.

आता घर

गोचीड वर चढतात हे लक्षात ठेवून शोधा. रात्री टॉर्च घेऊन बघा: फोटोफ्रेमच्या मागे, कॅलेंडरच्या मागे, पडद्याच्या शिवणीत, स्विचबोर्डच्या कडेला, दाराच्या चौकटीत, छताच्या कोपऱ्यात. मग खाली या: स्कर्टिंगची फट, सोफ्याची खालची बाजू, कुत्र्याच्या गादीची शिवण. भिंतीवर पिल्लांचा पुंजका दिसला तर झाडूने झटकू नका, घरभर पसरतात. रुंद चिकटपट्टी त्यावर दाबा, उचला, दुमडा आणि फेका. देवघराजवळच्या भिंतीसाठी आम्हाला चिकटपट्टीचे दोन रोल लागले.

कुत्र्याची गादी, गोधडी, पायपुसणं गरम पाण्यात धुवा. जे धुता येत नाही ते सरळ टाकून द्या, आम्ही वेताची जुनी टोपली टाकली. व्हॅक्युम क्लीनर असेल तर फटींवर फिरवा आणि त्यातली पिशवी लगेच बांधून बाहेर टाका.

फवारणीसाठी माणूस बोलावताना 'गोचिडांसाठी' असं स्पष्ट सांगा. झुरळांसाठी लावतात त्या जेलचा इथे उपयोग नाही. फटी, चौकटी आणि भिंतीचा वरचा भागही झाला पाहिजे, फक्त फरशी करून तो निघून गेला तर पैसे वाया. फवारणीने अंडी बहुधा मरत नाहीत, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी दुसरी फेरी ठरवूनच ठेवा. त्या वेळी कुत्रा, मांजर, मुलं बाहेर, माशांचा टँकही झाकून दुसरीकडे, आणि सगळं वाळेपर्यंत कुणी आत नको. दुसऱ्या फेरीनंतर आम्ही पांढऱ्या सिमेंटने चौकटीच्या फटी बुजवल्या. माझ्या मते निम्मा फरक त्यानेच पडला.

आणि हे सगळं कुत्र्याच्या औषधाबरोबर एकाच वेळी. आधी कुत्रा, मग घर, असं केलं की पळापळ संपत नाही.

गोचीड गेले तरी नजर ठेवा

याच गोचिडामार्फत एर्लिकिया आणि बबेसिया हे आजार होतात. लोक दोघांनाही मिळून 'टिक फिव्हर' म्हणतात. एर्लिकियाचे जंतू गोचीड चिकटल्यावर काही तासांतच कुत्र्यात जाऊ शकतात, त्यामुळे 'रोज संध्याकाळी काढतो' हे पुरेसं संरक्षण नाही. लक्षणं साधारण एक ते तीन आठवड्यांनी दिसतात: जेवण सोडणं, मलूल पडून राहणं, ताप, हिरड्या फिकट होणं, पोटाच्या कातडीवर बारीक लाल ठिपके, नाकातून रक्त. बबेसियात लघवी गडद, चहासारखी होऊ शकते. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, माणसाच्या मापाने ताप मोजू नका.

गुंड्याने आधी दूध-भाकरी नाकारली. तो कधी भाकरी नाकारत नाही. दुसऱ्या दिवशी हिरडी दाबून बघितली तर पांढरट. रक्त तपासलं, प्लेटलेट 34 हजार. निरोगी कुत्र्यात त्या साधारण दोन ते पाच लाख असतात. एर्लिकियासाठी डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन 28 दिवस दिलं. चौथ्या दिवशी तो शेपटी हलवायला लागला, आणि याच टप्प्यावर अनेक जण औषध थांबवतात. थांबवू नका. जंतू शरीरात दबा धरून राहतो आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, अस्थिमज्जेवर घाला घालतो. तेव्हा उपचार अवघड होतात. गोळी जेवणासोबत द्या आणि वर पाणी पाजा, ती अन्ननलिकेत अडकली तर जखम करते. तापासाठी घरातली माणसांची आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन किंवा पॅरासिटामॉल देऊ नका. प्लेटलेट आधीच कमी असताना पहिल्या दोन गोळ्या रक्तस्राव वाढवतात आणि पॅरासिटामॉलचा अंदाज चुकला तर यकृत जातं.

माणसांना? हा गोचीड शक्यतो कुत्राच निवडतो, पण घरात फार झाले की माणसालाही चावतो. त्यानंतर ताप आणि अंगावर, विशेषतः तळहात-तळपायांवर पुरळ आलं, तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा. इंडियन टिक टायफस याच मार्गाने होतो आणि वेळेत ओळखला तर त्यावर औषध आहे. सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या सत्तरी भागात ज्या माकडतापाची भीती असते तो जंगलातल्या वेगळ्या गोचिडामुळे होतो. तिकडे जंगलात जाणाऱ्यांनी आपली काळजी वेगळी घ्यावी, घरातल्या कुत्र्याला त्यासाठी दोष देऊ नये.

शेवटचा गोचीड दिसल्यानंतरही आम्ही तीन महिने औषध चालू ठेवलं आणि आता वर्षभर ठेवतो. आपल्याकडे थंडीत ते थोडे मंदावतात, संपत नाहीत. दर रविवारी दहा मिनिटं कान आणि बोटं बघते. कुत्रा बोर्डिंगमध्ये ठेवून परत आणला, किंवा पाहुण्यांचा कुत्रा घरी राहून गेला, तर त्या रात्री आणि चौथ्या दिवशी पुन्हा तपासते. घर बरेच दिवस बंद ठेवून परत येणार असाल तर कुत्र्याच्या डोसची तारीख आधी बघा. कुलूप उघडताच आतले उपाशी गोचीड त्याच्याच वाटेकडे डोळे लावून असतील, आणि त्या दिवशी औषध त्याच्या रक्तात असायला हवं.